गप्पीच्या पिल्लांचा हिशेब

शाळेत माशांची काचेची टाकी ठेवायचे ठरले की बहुतेक ठिकाणी सुरुवात गप्पी माशांनी होते. मासा स्वस्त आणि काटक. नर रंगीबेरंगी. मादी अंडी न घालता थेट पोहणारी पिल्ले देते, त्यामुळे जन्म कसा होतो ते मुलांना डोळ्यांनी पाहता येते. पहिल्या वीस-पंचवीस पिल्लांचे वर्गात कौतुक होते. दुसऱ्या खेपेची पिल्ले मुले बाटल्यांतून घरी नेतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मात्र नेणारे कोणी उरत नाही. टाकीतले पाणी गढूळ होऊ लागते आणि कोणीतरी सुचवते, "सर, नदीत सोडून देऊ या." ही सूचना दयाळूपणाची वाटते. पण ती खरोखर तशी आहे का? हे ठरवण्यासाठी या माशाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहणे उपयोगाचे आहे.

नावामागचे शाळा-निरीक्षक

गप्पी या नावाचा आपल्या गप्पांशी काही संबंध नाही. १८५९ साली बर्लिनचे प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी व्हेनेझुएलातील काराकासहून आलेल्या माशांचे वर्णन करून त्यांना 'पोसिलिया रेटिक्युलाटा' हे नाव दिले. १८६१ मध्ये इटलीच्या फिलिप्पो दे फिलिप्पी यांनी बार्बेडोस बेटावरच्या याच माशाला दुसरे नाव दिले. पुढे त्रिनिदाद बेटावर राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांनी तिथल्या ओढ्यांतले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ साली अल्बर्ट ग्युंथर यांनी त्यांच्या सन्मानार्थ या माशाला तिसरे नाव दिले. हे तिन्ही मासे एकच आहेत हे नंतर लक्षात आले. शास्त्रीय नामकरणाच्या नियमाप्रमाणे पीटर्स यांचे जुने नाव कायम झाले, तरी लोकांच्या तोंडी गप्पी हेच नाव राहिले. शिक्षकांना ऐकून मौज वाटेल की हे गप्पी भूशास्त्राचे अभ्यासक तर होतेच, शिवाय त्रिनिदादमधील शाळांचे मुख्य निरीक्षकही होते.

कॅरिबियन बेटांवरच्या लोकांनी या माशाला आपले वेगळे नाव ठेवले होते : 'मिलियन्स', म्हणजे लक्षावधी. त्यामागचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घेता येईल. समजा, एका मादीने एका खेपेला ४० पिल्ले दिली आणि त्यांतल्या २० माद्या आहेत. तीन महिन्यांत त्या वयात येतात आणि आणखी महिनाभराने पिल्ले देतात. प्रत्येकीची एकच खेप धरली, तरी चौथ्या महिन्यात २० गुणिले ४०, म्हणजे ८०० पिल्ले होतात. त्यांतल्या ४०० माद्या आठव्या महिन्यात १६,००० पिल्ले देतात. प्रत्यक्षात मादी साधारण दर महिन्याला पिल्ले देते. म्हणजे हा हिशेब कमीच धरलेला आहे.

असे असूनही त्रिनिदादचे ओढे माशांनी तुडुंब भरलेले नाहीत. ज्या ओढ्यात माशांची संख्या वर्षानुवर्षे साधारण तेवढीच राहते, तिथे एका जोडप्याच्या सगळ्या पिल्लांपैकी सरासरी दोनच पुढच्या पिढीला जन्म देण्यापुरती जगतात. बाकीची जातात कुठे?

शत्रूने ठरवलेला जन्मदर

याचे उत्तर त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांतच मिळाले. धबधब्यांच्या खालच्या भागात गप्पींना खाणारे मोठे मासे असतात. ते धबधबा चढून वर जाऊ शकत नाहीत. वरच्या भागात रिव्ह्युलस नावाचा छोटा मासा असतो आणि तो फार तर पिल्ले खातो. खालच्या भागातल्या गप्पी माद्या लवकर वयात येतात आणि एका वेळी जास्त पण लहान पिल्ले देतात. वरच्या भागातल्या उशिरा वयात येतात आणि थोडी पण मोठी पिल्ले देतात. १९७६ साली जॉन एंडलर यांनी खालच्या भागातले गप्पी उचलून, जिथे गप्पी नव्हते आणि मोठे शत्रूही नव्हते अशा वरच्या प्रवाहात सोडले. अकरा वर्षांनी, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांनंतर, त्यांचे वंशजही उशिरा वयात येऊ लागले होते आणि थोडी, मोठी पिल्ले देऊ लागले होते. डेव्हिड रेझ्निक, हीदर ब्रायगा आणि एंडलर यांनी हा निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध केला.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने याचा अर्थ महत्त्वाचा आहे. गप्पीला होणारी भाराभर पिल्ले म्हणजे निसर्गाची चूक नव्हे. किती पिल्ले खाल्ली जातात या अनुभवावर, हजारो पिढ्यांत, त्यांची संख्या ठरत आली आहे. १९०८ च्या सुमारास हा मासा जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत पोहोचला. टाकीत जन्मदर तोच राहिला, पण शत्रू मात्र नाहीसा झाला. शत्रूचे काम कोणी करायचे, हा प्रश्न तेव्हापासून टाकी ठेवणाऱ्याच्या गळ्यात पडला.

काही काळ हा प्रश्न जाणवला नाही, कारण पिल्ले हवीच होती. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहानेस श्मिट यांनी १९२० साली, आणि पाठोपाठ ओयव्हिंड विंगे यांनी, गप्पी नरावरचे ठिपके बापाकडून फक्त मुलग्यांकडे जातात हे दाखवून दिले. वाय गुणसूत्रावरून चालणाऱ्या आनुवंशिकतेचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण होय. भराभर पिढ्या देणारा मासा नसता तर हे काम इतक्या सहज झाले नसते.

दोन टाक्या, एकच उत्तर

१९३२ साली न्यूयॉर्क मत्स्यालयातील चार्ल्स ब्रेडर आणि ख्रिस्तोफर कोट्स यांनी साधा प्रयोग केला. सारख्या आकाराच्या दोन टाक्यांपैकी एकीत त्यांनी फक्त एक गर्भार मादी सोडली आणि दुसरीत नर, माद्या व पिल्ले असे मिळून ५० मासे. काही महिन्यांनी दोन्ही टाक्यांत ९-९ मासे उरले. पहिल्या टाकीत शेकडो पिल्ले जन्मली होती. ती मोठ्या माशांनी, त्यांच्या आईनेही, खाऊन टाकली होती. म्हणजे शत्रू नसलेल्या टाकीत मासे स्वतःच ते काम करू लागतात. ९ हा आकडा मात्र जादूचा नव्हे. टाकी मोठी असेल, लपायला पाणवनस्पती असतील, तर आकडा बदलेल.

पुढचा धडा १९५८ साली मिळाला. अमेरिकेतील राल्फ सिलिमन आणि जेम्स गट्सेल समुद्रातील मासेमारीचा विचार करत होते आणि त्यासाठी त्यांनी गप्पींच्या टाक्या निवडल्या. काही टाक्यांतून ते दर तीन आठवड्यांनी ठरावीक हिस्सा काढून घेत : कधी १० टक्के, कधी २५, ५० वा ७५. पाव हिस्सा काढत राहिले तरी मासे संपत नव्हते, कारण मोठे मासे कमी झाले की पिल्ले खाणारी तोंडेही कमी होतात आणि अधिक पिल्ले वाचतात. ७५ टक्के काढू लागल्यावर मात्र टाकी रिकामी होत गेली.

मोठे झालेले मासे वाटून टाकले की प्रश्न सुटेल असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात त्यामुळे नव्या पिल्लांना जागाच होते. वाटप हा उपाय कधी संपत नाही, त्याचे कारण हे आहे.

दोष की गुण?

टाकीत जो दोष, तोच आरोग्य खात्याला गुण वाटला. गप्पी डासांच्या अळ्या खातो. बार्बेडोसमध्ये मलेरिया नव्हता, त्याचे श्रेय विसाव्या शतकाच्या आरंभी अनेकांनी 'मिलियन्स' माशाला दिले आणि हा मासा जगभर पाठवला जाऊ लागला. भारतात तो १९१० च्या सुमारास आला. त्याचा नातलग गँबुझिया १९२८ साली इटलीहून आणला गेला. बार्बेडोसमध्ये पुढे १९२७ मध्ये मलेरिया पसरवणारा अ‍ॅनॉफिलीस डास पोहोचला आणि साथ आलीच. मासे तर तिथे होतेच! म्हणजे आधी तिथे मलेरिया नसण्याचे कारण केवळ मासे नव्हते.

महाराष्ट्रात आजही महापालिकांचे मलेरिया विभाग आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे गप्पींची पैदास करतात. सिमेंटचे हौद, बांधकामावरच्या टाक्या, वापरात नसलेल्या बंदिस्त विहिरी अशा जागी त्यांचा उपयोग आहे. ओढा, नदी किंवा तळे यांची गोष्ट वेगळी. मासा तिथे थांबत नाही.

याचे उदाहरण गप्पीच्या माहेरीच घडले. १९५७ साली कॅरिल हॅस्किन्स यांनी त्रिनिदादच्या एका खोऱ्यातले २०० गप्पी दुसऱ्या खोऱ्यातील तुरूरे नदीच्या वरच्या भागात सोडले. काही दशकांनी तपासले तेव्हा त्यांचे वंशज नदीत खूप खालपर्यंत पसरले होते आणि मूळच्या गप्पींची आनुवंशिक ओळख पुसत चालली होती. एकाच जातीत असे होते, तर परक्या जातींच्या सहवासात काय होईल?

२०० मासेही लागत नाहीत. मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते. २०११ मध्ये एमी डेकन, इंदर रामनरीन आणि अ‍ॅन मगुरान यांनी दाखवले की एकेका गर्भार मादीपासून सुरू केलेल्या वसाहतींपैकी बहुसंख्य दोन वर्षांनंतरही टिकून होत्या. गप्पी आज मूळ प्रदेशाबाहेर किमान ६९ देशांत स्थिरावला आहे. नदीत उलटी केलेली एक बाटलीही पुरेशी असते, ती अशी. आपल्या ओढ्यांत अ‍ॅप्लोकिलससारखे डासांच्या अळ्या खाणारे देशी मासे आधीपासून आहेत. नव्या पाहुण्याशी अन्नासाठी झगडा त्यांनाच करावा लागतो.

मग शाळेने काय करावे?

शत्रूचे काम आपल्याकडे आले आहे हे मान्य केले की मार्ग सापडतात. पहिला आणि उत्तम मार्ग म्हणजे जन्मच थांबवणे. पिल्ले महिन्याभराची होत आली की नराच्या पोटाखालचा मागचा पर काडीसारखा निमुळता दिसू लागतो. तेव्हाच नर वेगळे काढावेत, किंवा टाकीत फक्त नरच ठेवावेत. मोठ्या माद्या उशिरा वेगळ्या करून भागत नाही, कारण साठवलेल्या शुक्राणूंमुळे त्या पुढेही पिल्ले देतात. जन्म दाखवायचाच असेल, तर एक खेप होऊ द्यावी आणि मग ही विभागणी करावी.

दुसरा मार्ग म्हणजे पिल्ले मोठ्या माशांच्या टाकीतच राहू देणे आणि दाट पाणवनस्पती काढून टाकणे. हे मुलांना क्रूर वाटेल, पण ओढ्यात रोज घडते तेच इथे घडते, आणि त्यावर वर्गात बोलता येते. जास्तीचे मासे द्यायचे असतील, तर स्थानिक मलेरिया विभागाला विचारून द्यावेत. कोणालाही मासे देताना ते पुढे नदीत जाणार नाहीत याची खात्री करून घ्यावी. मासा मारावाच लागला, तर लवंगेच्या तेलाचे जास्त प्रमाण पाण्यात मिसळून त्याला आधी बेशुद्ध करणे हा कमी वेदनेचा मार्ग आहे, आणि ते काम मोठ्यांनी करावे. जिवंत मासे गटारात, ओढ्यात किंवा विसर्जनाच्या तळ्यात मात्र कधीही सोडू नयेत.

वर्षभर एक नोंदवही ठेवावी : किती जन्मले, किती उरले, उरलेले कुठे गेले. तिसऱ्या रकान्यात 'नदीत सोडले' असे लिहावे लागणार नाही, अशी योजना पहिला मासा आणण्यापूर्वी मुलांनाच करायला सांगावी. टाकी त्यानंतर आणावी.