केर्नगॉर्म्स : मोटारविरहित खडीवाटांवरील सायकलभ्रमण

स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील केर्नगॉर्म्स हे ब्रिटनमधील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान (४,५२८ चौरस किलोमीटर) २००३ मध्ये स्थापन झाले. एव्हिमोर रेल्वे स्थानकाजवळील रॉथिमर्कस अरण्यातील खडीवाटा जुन्या पाइनवृक्षांमधून लॉख अन एलन सरोवराकडे जातात. २००३ च्या भूसुधारणा कायद्यानुसार स्कॉटलंडमध्ये सायकलस्वारांना खासगी मालकीच्या रानवाटांवरूनही जाता येते. इंग्लंडमधील पायवाटांवर त्यांना असा सर्वसाधारण हक्क नाही. मोटारींना हा हक्क लागू नसल्याने या वाटा शांत राहिल्या आहेत. मात्र हक्काला जबाबदार वर्तनाची अट आहे. पादचाऱ्यांना वाट द्यावी, फाटके जशी आढळतील तशीच ठेवावीत आणि वसंतात जमिनीवर घरटी करणाऱ्या दुर्मीळ कॅपरकेली पक्ष्यांसाठी रुळलेली वाट सोडून रानात शिरू नये.