खोडावरचं नाव वर का सरकत नाही?

गडावर गेलो की झाडांच्या खोडांवर कोरलेली नावं आपण पाहतो. (कोरू नयेत, हे वेगळं सांगायला नको.) वीस वर्षांनी पुन्हा गेलो तर झाड उंच झालेलं असतं, नाव मात्र तिथंच, छातीच्या उंचीवर. फक्त अक्षरं आडवी फाकलेली. म्हणजे लांबीची वाढ एकीकडे आणि जाडीची दुसरीकडे. हे माणसाला कळलं कसं, ते आज पाहू.

लंडनजवळच्या टेडिंग्टनला स्टीफन हेल्स नावाचा पाद्री होता. त्याचा ग्रंथ १७२७ चा. त्यानं एका काडीत पाव-पाव इंचावर टाचण्या खोचल्या, त्यांची टोकं तेलात कालवलेल्या शेंदरात बुडवली आणि वसंतात द्राक्षवेलीच्या कोवळ्या फुटव्यावर ठिपके टोचले. हो, शेंदूरच, आपण मारुतीला लावतो तो. वाढीचा हंगाम संपल्यावर मोजलं, तर ठिपके एकमेकांपासून लांब गेलेले, पण सगळीकडे सारखे नाहीत. लांबी वाढते ती कोवळ्या भागात. लाकूड एकदा पक्कं झालं की ताणलं जात नाही.

हाच गडी मग कोंबडीच्या पिल्लाकडे वळला. पायाच्या हाडाला मधोमध अर्ध्या इंचावर दोन भोकं पाडली. दोन महिन्यांत हाड इंचभर वाढलं, भोकांमधलं अंतर मात्र अर्धा इंचच. हाडही टोकांशीच वाढतं!

जाडीचं कोडं फ्रान्समध्ये द्युअमेल द्यु मोंसोनं हाती घेतलं. तो आरमाराचा महानिरीक्षक, त्यामुळे ही नुसती हौस नव्हती. एका मोठ्या युद्धनौकेत ओकचं रानच्या रान जाई, आणि ओक जहाजाजोगा व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. त्यानं साल सोडवून तिच्याखाली धातूचा पातळ पत्रा सरकवला. पुढे कापून पाहिलं, तर नवं लाकूड पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला. साल आणि लाकूड यांच्यामधला जो थर हे करतो, त्याला आपण कँबियम म्हणतो.

हे त्याच्या १७५८ च्या ग्रंथात आहे. पण त्याआधीच त्यानं कोवळ्या प्राण्यांच्या हाडांभोवती चांदीच्या तारेची कडी घातली होती, आणि काही काळानं कडं हाडाच्या आत गेलेलं सापडलं. त्यावरून तो म्हणाला, झाडाला जशी साल, तसं हाडावरचं पातळ आवरण. आल्ब्रेख्ट फोन हालरला हे मुळीच पटलं नाही, आणि वाद चांगलाच रंगला. आमच्या मते द्युअमेलनं उपमा जरा जास्त ताणली, पण जाडीपुरतं तरी त्याचं बरोबर निघालं.

कोकणातले श्रोते विचारतील, आमच्या माडाचं काय? माडात हा थरच नाही. म्हणून चढण्यासाठी खोडात पाडलेल्या खाचा वर्षानुवर्षं तशाच राहतात, भरून येत नाहीत. माड आधी शेंड्याशीच जाड होतो, मग उंच जातो. वाढीची सगळी पुंजी त्या एका शेंड्यात. गेंड्या भुंगा तिथं शिरला की बागायतदाराची झोप उडते.