साखरेच्या वाटेने कर्करोगाचा माग

कर्करोगाची गाठ सापडली म्हणजे शस्त्रवैद्याला पुढे एकच विवंचना असते: रोग अन्यत्र पसरला आहे की काय? तो एका जागी असेल तर शस्त्र चालविण्यात अर्थ; यकृतात, हाडांत त्याचे ठाणे बसले असेल, तर मोठी शस्त्रक्रिया पुष्कळदा रोग्याला नुसते क्लेशच देते. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि शरीराच्या आत पाहता येऊ लागले खरे. परंतु त्या चित्रात दिसे तो आकार. मोठी दिसणारी लसिकाग्रंथी रोगट असतेच असे नाही, आणि लहान ग्रंथी निर्दोष असेलच अशी खात्री कोणी द्यावी?

आकार सोडून पेशीची भूक पाहण्याची वाट बर्लिनच्या प्रयोगशाळेत निघाली. १९२० नंतरच्या दशकात ऑटो वारबुर्ग यांना आढळले की, कर्कपेशी निरोगी पेशींहून कितीतरी अधिक साखर फस्त करतात. त्यावरून रोगाच्या कारणाविषयी त्यांनी बांधलेला सिद्धांत पुढे टिकला नाही. निरीक्षण मात्र टिकले.

या भुकेचा उपयोग व्हायला अर्धे शतक लोटले. अमेरिकेत ब्रुकहेवन येथे तात्सुओ इडो व त्यांचे सहकारी यांनी साखरेच्या रेणूला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडले. पेशी ही साखर आत ओढते, पण पुढे पचवू शकत नाही. ती तेथेच अडकते आणि बाहेरच्या यंत्राला आपला ठावठिकाणा सांगते. फ्लोरिनचे तेज ११० मिनिटांत निम्मे होते. म्हणून ती साखर विमानाने तातडीने फिलाडेल्फियास नेली, आणि ऑगस्ट १९७६ मध्ये अब्बास अलावी यांनी ती प्रथम माणसाला टोचली. हेतू होता मेंदूच्या अभ्यासाचा, कर्करोगाचा नव्हेच! वारबुर्ग तर १९७० सालीच निवर्तले होते.

भूक दिसली तरी ती नेमकी कोणत्या अवयवात, हे त्या पुसट चित्रावरून कळेना. १९९८ मध्ये पिट्सबर्ग येथे टाउनसेंड व नट यांचे जोडयंत्र चालू झाले. त्यात क्ष-किरणांचा आकार आणि साखरेचा डाग एकाच चित्रात उमटू लागला. आमच्याकडे असे साखरचित्र घेण्याची पहिली सोय २००२ मध्ये मुंबईस, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली.

येथे आम्हांस एक सांगितलेच पाहिजे. क्षयाच्या ग्रंथीही साखर ओढतात आणि तशाच उजळतात. आमच्या देशात तर क्षय घरोघरचा. तेव्हा उपचाराची दिशाच एखाद्या डागावर ठरणार असेल, तर तेथला तुकडा सुईने काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.