अंतरवालीत आलेला प्रत्येक कागद कायदा नव्हता

आपल्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीनं २०२३ पासून सरकारचे जेवढे कागद पाहिले, तेवढे क्वचितच एखाद्या गावानं पाहिले असतील. आरक्षण कुणाला द्यावं हा वाद मी इथं घालत नाही. अंतरवालीत एका बाजूचं उपोषण झालं, जवळच्या वडीगोद्रीत दुसऱ्या बाजूचं. मला बोलायचंय ते कागदांबद्दल, कारण गुलाल सगळ्यांवर सारखाच उधळला गेला.

१ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला, ७ तारखेला जीआर निघाला: निजामकालीन नोंदी असणाऱ्यांना कुणबी दाखले. जीआर राज्यपालांच्या नावानं निघतो, पण खाली सही असते मंत्रालयातल्या अधिकाऱ्याची. त्यावर विधिमंडळात मतदान होत नाही. एका जीआरनं दिलेलं दुसऱ्या जीआरनं काढताही येतं.

२६ जानेवारी २०२४ चा सगेसोयऱ्यांचा वाशीतला कागद तर जीआरही नव्हता. जातीच्या दाखल्यांचा २००० सालचा कायदा आहे, त्याखालचे नियम आहेत, आणि त्या नियमांत बदल करण्याचा हा फक्त मसुदा होता. हरकतींसाठी १६ फेब्रुवारीपर्यंत मुदत होती. अंतिम अधिसूचना निघेपर्यंत मसुदा मसुदाच राहतो, आणि ती पुढं कित्येक महिने निघाली नाही.

खरा कायदा झाला तो २० फेब्रुवारीला. एक दिवसाचं विशेष अधिवेशन, दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर, मग राज्यपालांची सही आणि राजपत्रात प्रसिद्धी. मराठा समाजाला १० टक्के. हा रस्ता पूर्ण चाललेला कागद.

पण कायद्याच्याही वर राज्यघटना आहे. २०१८ चा १६ टक्क्यांचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमतानं झाला होता. उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तो शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणला, सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०२१ ला रद्दच केला. एक कारण ५० टक्क्यांची मर्यादा. (ती कुठल्या कलमात शोधू नका, ती १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातून आलीय.) दुसरं कारण १०२ वी घटनादुरुस्ती. मागास वर्ग ठरवण्याचा राज्याचा अधिकारच तिच्यामुळं गेला, असं न्यायालय म्हणालं. तो परत देण्यासाठी संसदेला त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती करावी लागली. म्हणजे आमदार सगळे एका बाजूला असूनही भागलं नाही, दिल्लीत घटना बदलावी लागली.

२ सप्टेंबर २०२५ ला आझाद मैदानावर मिळाला तो हैदराबाद गॅझेटियरचा कागद. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, म्हणून जुन्या नोंदी तिकडच्या. पण हाही जीआरच. त्यावर दाखला मिळाला तरी पडताळणी समितीपुढं जावं लागतंच, कारण ती समिती २००० च्या कायद्यानं आलेली आहे आणि तिला बाजूला सारायची ताकद जीआरमध्ये नाही. घरात मुलांचे प्रवेश तोंडावर असतील तर दाखल्यावर थांबू नका, जुन्या नोंदींच्या नकला आत्ताच काढून ठेवा.