विंचवाची कळ

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस म्हणजे आमच्या भूमच्या घरात एक छोटी लढाईच असे. माळवदाचे घर, दगडमातीच्या जाड भिंती, परसात सरपणाचा ढीग आणि त्याला टेकून गोवऱ्यांचा कलवड. पावसाळाभर न हललेल्या वस्तू या आठ दिवसांत हलवल्या जात. बाया कमरेला पदर खोचून भिंती सारवीत, गडी अडगळ बाहेर काढीत आणि आजी ओट्यावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणे, "पोरांनो, गोवऱ्यांत हात घालू नका रे, आधी काठीनं हलवा!"

तिच्या सांगण्याला कारण होते. बालाघाटाच्या या खडकाळ मुलखात दगडाखाली, सरपणात, माळवदाच्या लाकडी सरांच्या फटीत विंचू हटकून असायचा. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण घरची मंडळी त्याला फारशी भीत नसत. भीती होती ती बोटभर लांबीच्या तांबूस विंचवाची.

एका वर्षी आमच्या शेजारच्या घरी वसुबारसेच्या संध्याकाळी सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पायाला विंचू चावला. मी त्याच्याच वयाचा. मंत्र झाला, अंगारा लावला, पाला चोळला. पोर फारसे रडतही नव्हते. पण त्याच्या कपाळावर घामाचे मोठे थेंब डवरले होते आणि मी त्याचा हात धरला तेव्हा तो विहिरीच्या पाण्यासारखा गार लागला. रात्री त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, मग खोकला आणि धाप. बैलगाडी जुंपून बार्शीकडे निघाले. बार्शी म्हणजे रात्रभराची वाट. गाडी पहाटे परत आली. त्या वर्षी आमच्या आळीत पणत्या लागल्या नाहीत.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात राहिला. डंख पायाच्या बोटाला. नांगी ती केवढी आणि विषाचा थेंब तो केवढा! मग घाम कपाळाला का यावा? हात गार का पडावेत? छाती का भरून यावी? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मनुष्यजातीला शेकडो वर्षे लागली आणि त्या शोधाचा शेवटचा टप्पा महाराष्ट्राच्याच एका आडगावात पार पडला. ती हकीकत आज वाचकांना सांगावयाची आहे.

आपल्या पूर्वजांनी विंचवाचा विचार केला नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष आणि महाविष असे तीन वर्ग केलेले आहेत. शेणात जन्मणारे ते मंदविष, असे तेथे म्हटले आहे. विंचू शेणातून जन्मत नाही हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण सगळ्या विंचवांचे विष सारखे नसते, हे निरीक्षण मात्र सोळा आणे खरे. मांत्रिकाचे यश याच भेदावर उभे होते. बहुतेक विंचू नुसती कळ देतात आणि ती कळ दुसऱ्या दिवशी आपोआप उतरते. उतरली की श्रेय मंत्राला आणि न उतरली तर दोष दैवाला!

आणि आपले नाथमहाराज? सोळाव्या शतकात पैठणला बसून एकनाथांनी विंचवाचे जे भारूड रचले, त्यात विकारांना विंचवाची उपमा दिली आहे. दंशाने अंगाला घाम फुटतो, ही गोष्ट त्या भारुडात आल्यावाचून राहिलेली नाही. नाथांचा हेतू अध्यात्माचा. पण त्यांच्या श्रोत्यांनी विंचू चावलेला माणूस डोळ्यांनी पाहिलेला होता. तो घाम लक्षात ठेवा. आपल्या कथेत तो पुन्हा येणार आहे.

आता थोडा वेळ परदेशात जाऊ. १७९१ साली इटलीतील बोलोन्या येथे लुईजी गॅल्व्हानी याने एक निबंध प्रसिद्ध केला. मेलेल्या बेडकाच्या पायातील मज्जातंतूला विजेचा स्पर्श होताच तो पाय उडतो, असे त्याने दाखवले. तोवर समजूत अशी होती की मज्जातंतू म्हणजे पोकळ नळ्या आणि त्यांतून कसलासा सूक्ष्म प्राणवायू खेळतो. गॅल्व्हानीने त्या जागी वीज आणली. मग १८५० साली जर्मनीत हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूतून जाणाऱ्या संदेशाचा वेगच मोजला. तो निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. विचाराचा वेग अमोप, असे मानणाऱ्या जगाला हा धक्काच होता. मन वाऱ्यापेक्षा वेगवान खरे, पण त्याचा निरोप्या मात्र आगगाडीच्या चालीने जातो!

पण हा तंतू आहे तरी कशाचा? सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा तुकडा धरला तर दिसे नुसता गुंता, चिंचोके न काढलेल्या चिंचेच्या गोळ्यासारखा. १८७३ साली कामिलो गॉल्जी हा इटालियन डॉक्टर जुनाट रोग्यांच्या एका रुग्णालयात नोकरीला होता. तेथल्या स्वयंपाकघरात त्याने आपली प्रयोगशाळा थाटली होती. रुप्याच्या क्षाराचा उपयोग करून त्याने अशी एक युक्ती शोधली की हजारो पेशींपैकी मोजक्याच काळ्याभोर रंगाव्यात आणि बाकीच्या कोऱ्या राहाव्यात. दाट रानात एखादेच झाड मुळापासून शेंड्यापर्यंत उजळून निघावे तसे झाले.

गॉल्जीला वाटले, ही सगळी झाडे एकमेकांत मिसळलेली आहेत, सारे मिळून एकच जाळे आहे. स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल याने तीच युक्ती हाती घेऊन ती सुधारली आणि १८८८ साली वेगळाच निकाल दिला. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, तिच्या फांद्या दुसरीच्या अगदी जवळ येतात, पण तिच्यात मिसळत नाहीत, असे त्याचे म्हणणे. १८९१ साली वाल्डेयर या जर्मन पंडिताने या पेशीला 'न्यूरॉन' असे नाव दिले. आपल्या मुलांच्या पुस्तकात तिला चेतापेशी म्हणतात. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक गॉल्जी आणि काहाल या दोघांना मिळून देण्यात आले. गंमत अशी की पारितोषिक घेतानाच्या भाषणात गॉल्जीने काहालच्या सिद्धांतावर टीका केली! एकाच मांडवात दोन व्याही एकमेकांकडे पाठ करून बसावेत तसा तो प्रसंग. पुढे १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधील फट प्रत्यक्ष दाखवली आणि काहाल खरा ठरला.

अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी आपल्या मेंदूत आहेत. प्रत्येकीला एक पेशीदेह, निरोप घेणाऱ्या आखूड फांद्या आणि निरोप पोहोचवणारा एक लांब तंतू. कमरेपासून पावलापर्यंत जाणारा असा एकेक तंतू मीटरभर लांब असतो, आणि तो असतो एकाच पेशीचा. विजेच्या तारेवर वेष्टण असावे तसे पुष्कळ तंतूंवर मायेलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे आवरण असते. हातापायांच्या तंतूंवरचे हे आवरण श्वान नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी गुंडाळतात. जाड वेष्टणाच्या तंतूतून निरोप सेकंदाला शंभर मीटरपर्यंतही धावतो. उघड्या, बारीक तंतूतून तो सेकंदाला जेमतेम एखादा मीटर रांगतो. ठेच लागताच आधी झटका जाणवतो आणि ठणका मागून येतो, तो यामुळेच.

दोन प्रश्न उरले. पेशी जर वेगळ्या, तर निरोप मधली फट ओलांडतो कसा? १९२१ साली ऑटो लोवी याने ऑस्ट्रियात बेडकाची दोन हृदये दोन भांड्यांत धडधडत ठेवली. पहिल्याच्या मज्जातंतूला चेतवून त्याची गती मंद केली आणि त्या भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतले. दुसरे हृदयही मंदावले! याचा अर्थ, तंतूच्या टोकाशी एखादे रसायन पाझरते आणि तेच पुढचा निरोप देते. हा प्रयोग आपल्याला स्वप्नात सुचला, असे लोवी सांगे.

दुसरा प्रश्न तंतूतल्या विजेचा. ती येते कोठून? इंग्लंडमधील हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकूळ या सागरी प्राण्याच्या जाडजूड तंतूवर प्रयोग करून १९५२ साली याचे उत्तर मांडले. तंतूच्या भिंतीत जणू इवल्या खिडक्या आहेत. एक जातीची उघडली की मिठातले सोडियम आत घुसते; ती मिटते, मग दुसरी उघडते आणि पोटॅशियम बाहेर पडते. ही उघडझाप सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात आटोपते आणि हीच लाट पुढे पुढे सरकत जाते. खिडकी उघडणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर मिटणेही महत्त्वाचे.

आता आपल्या गोवऱ्यांच्या ढिगाकडे परत येऊ. लाल विंचवाचे विष नेमके या खिडक्यांशी खेळते. सोडियमची खिडकी ते मिटू देत नाही. एकदा निरोप देऊन गप्प बसायचे ते तंतू मग ओरडतच राहतात. त्यातही आपल्या इच्छेवाचून हृदय, रक्तवाहिन्या आणि घामाच्या ग्रंथी चालवणारी जी स्वायत्त मज्जासंस्था, तिच्यात तर तुफान उठते. म्हणून घाम फुटतो, ओकारी होते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. माझ्या शेजारच्या त्या पोराचा गार हात, घाम आणि धाप ही एकाच साखळीची तीन कडी होती. हे मला कळले ते साठीच्या घरात आल्यावर!

ही साखळी उलगडून तिच्यावर इलाज शोधणारा माणूस आपल्याच मराठवाड्यातला आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ साली, आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावी, गरिबीच्या घरात झाला. नागपुरास शिकून १९७६ साली ते कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचू फार. डोळ्यांदेखत धडधाकट माणसे आणि लेकरे दगावत होती. पुस्तकांत यावर उपयोगी पडेल असे फारसे काही नव्हते. तेव्हा या तरुण डॉक्टराने रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि हातापायांची ऊब यांच्या नोंदी तासातासाला केल्या. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

दुखणे आवळलेल्या रक्तवाहिन्यांत आहे हे उमगल्यावर त्या सैल करणारे औषध हवे होते. प्राझोसिन नावाची रक्तदाबावरची एक साधी गोळी बाजारात होती. मज्जातंतूंतून पाझरणारे रसायन रक्तवाहिनीला जेथे पकडते, ती जागाच ही गोळी अडवून धरते. लोवीने बेडकाच्या हृदयावर जे दाखवले, त्याचाच हा व्यवहारातला उपयोग. डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या सहधर्मचारिणी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या उपचाराचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध केले. पूर्वी पश्चिम भारतात अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरी पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण पुढे एकाच्याही खाली आले. नंतर मुंबईच्या हाफकिनची प्रतिविषाची लसही मदतीला आली. बावस्कर दांपत्याने २०११ साली ७० रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. नुसत्या गोळीने दहा तासांत बरे झालेले शेकडा तेवीस निघाले; गोळीच्या जोडीला लस दिली तेव्हा शेकडा एक्याण्णव. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

आणखी एक नवल सांगतो. १९९० साली याच आपल्या लाल विंचवाच्या विषातून 'आयबेरिओटॉक्सिन' नावाचे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते पोटॅशियमच्या एका विशिष्ट जातीच्या खिडक्याच तेवढ्या बंद करते. कोणत्या पेशीत ती खिडकी आहे आणि ती काय काम करते, हे शोधायला जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरू लागल्या. ज्याने घरे अंधारात लोटली, त्याच्याच नांगीतून मज्जापेशींवर उजेड पडावा, हा न्याय विलक्षण खरा!

आज भूमला सिमेंटची घरे झाली. बार्शी तासाभराच्या अंतरावर आली. तरी खेड्यापाड्यांत, शेतात, विटांच्या राशींत विंचू आहेच. म्हणून दिवाळीच्या गोड दिवसांत दोन शब्द आजीच्या वतीने सांगतो. जोडे झटकून घाला, सरपण काठीने हलवा. कोणाला विंचू चावलाच तर तो किती रडतो एवढेच पाहू नका. नुसती कळ असेल तर ती माणसाला रडवते, पण सहसा मारीत नाही. कपाळाला घाम, ओकारी आणि हातपाय गार, ही खूण दिसली की मंत्राला एक क्षणही देऊ नका. थेट दवाखाना गाठा. आणि लेकरू लहान असेल तर खुणेची वाटही पाहू नका.

वसुबारसेला गाईवासरांपुढे पणती ठेवताना मला अजून तो गार हात आठवतो. त्या रात्री आमच्या गाडीवाटेवर कोणाजवळ ती गोळी नव्हती आणि ती असती तरी केव्हा द्यायची हे कोणाला कळले नसते. आज दोन्ही आहे. म्हणून दरवर्षी मी एक पणती जास्तीची लावतो, त्या पोरासाठी.