म्हातारीचं कोण करतं?

आपल्याकडे एखाद्या घरी दुखणेकरी माणूस असले, की भेटायला आलेली बाई ओसरीवर टेकता टेकता पहिला प्रश्न विचारते, "म्हातारीचं कोण करतं हो?" काय करतं, हे विचारावे लागत नाही. अंथरूण बदलायचे, न्हाऊ घालायचे, भाकरी दुधात कुस्करून भरवायची, रात्री तीनदा उठून कूस बदलून द्यायची, औषधाच्या वेळा सांभाळायच्या आणि वर तिची चिडचिड ऐकून घ्यायची, हे सारे त्या एका 'करतं' मध्ये आले. उत्तरही बहुधा ठरलेले असते. "सून करते," नाहीतर "धाकटी लेक करते, तिचं लग्न राहिलं ना." एवढे बोलून विषय पावसापाण्याकडे वळतो. त्या करणाऱ्या बाईला कोण विचारते?

वाचकहो, आज सांगायची हकीगत आहे ती या दुसऱ्या प्रश्नाची. घरच्या माणसाची बिनपगारी सेवा करणाऱ्यांना माहिती द्यावी, आधार द्यावा, त्यांच्यासाठी एखादी कचेरी असावी, ही कल्पना तशी फार जुनी नाही. तिचा उगम शोधत गेलो, तर आपण १९६३ सालच्या इंग्लंडात जाऊन पोहोचतो.

मेरी वेब्स्टर नावाच्या एक बाई होत्या. ख्रिस्ती धर्मातील काँग्रिगेशनल पंथाच्या त्या धर्मोपदेशिका. १९५४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, म्हाताऱ्या आईवडिलांचे करण्यासाठी त्यांनी आपले काम सोडले. त्या अविवाहित होत्या. अशा वेळी घरचे सगळे मुलीकडेच पाहतात, हे काही आपल्याच देशाचे वैशिष्ट्य नव्हे. नऊ वर्षे अशी गेली. मग १९६३ साली बाईंनी वृत्तपत्रांना आणि पार्लमेंटच्या सभासदांना पत्रे लिहिली. माझ्यासारख्या एकट्या मुली घरोघरी आहेत, त्यांची मिळकत थांबली आहे, त्यांना कोणी भेटत नाही, घराबाहेर पडता येत नाही, एवढाच त्या पत्रांचा आशय. आपल्या स्थितीला त्यांनी नजरकैदेची उपमा दिली होती. आईवडिलांवर माया नाही असे नव्हे. माया होती म्हणून तर त्या घरी राहिल्या. पण माया असली म्हणून कैद ही कैद नसते काय?

त्या पत्रांना जी उत्तरे आली ती शेकड्यांनी आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून बायकांनी लिहिले, की ही आमचीच कथा आहे. कुणी शिक्षिका होती, कुणी कारकून. पस्तिशी-चाळिशीत नोकरी सोडली. आई गेली तेव्हा पन्नाशी उलटली होती. आता नोकरी कोण देणार? पेन्शन कशाची मिळणार? राहते घर वडिलांच्या नावाने भाड्याचे, म्हणजे तेही जाण्याची धास्ती.

इथे थोडे मागे जायला हवे, म्हणजे हे असे का झाले ते कळेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, विल्यम बेव्हरिज यांनी ब्रिटनसाठी सामाजिक विम्याची मोठी योजना मांडली. आजारपण, बेकारी, म्हातारपण, सगळ्यांची तरतूद तीत होती. १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. योजना चांगलीच होती. पण तिचा पाया असा, की नोकरी करणाऱ्याने आठवड्याचा हप्ता भरावा आणि त्याबदल्यात संकटकाळी हक्काने पैसे घ्यावेत. त्याची बायको त्याच्या नावावर चालावी. आता जी मुलगी नोकरी सोडून घरी बसली, तिचा हप्ता बंद. आणि ती कुणाची बायको नव्हे, म्हणून कुणाच्या नावावरही नाही. एवढ्या मोठ्या योजनेच्या दोन खणांमधल्या फटीत ती नेमकी पडली. योजना करणारे दुष्ट होते असे मी म्हणत नाही. त्यांनी घरातल्या कामाला काम म्हणून मोजलेच नव्हते.

१९६५ साली एक परिषद स्थापन झाली. तिचे नाव लांबलचक होते: 'एकटी स्त्री व तिच्यावर अवलंबून असणारे यांची राष्ट्रीय परिषद'. दोनच वर्षांत, १९६७ साली, आश्रित नातेवाइकासाठी प्राप्तिकरात सवलत मिळाली. हा पहिला विजय. खरे सांगायचे तर तो लहानच होता, कारण करात सवलत मिळून उपयोग कुणाला? जिला करपात्र मिळकत आहे तिला. जिने नोकरीच सोडली तिच्या पदरात त्यातून काय पडणार! पण सरकारी कागदावर या माणसांची नोंद झाली, हे काही थोडे नव्हे. मेरी वेब्स्टर १९६९ साली वारल्या. वय अवघे शेहेचाळीस. पुढचे फळ त्यांना पाहायला मिळाले नाही.

१९७१ पासून आजारी माणसाला 'सोबत-भत्ता' मिळू लागला, आणि १९७६ साली करणाऱ्या माणसासाठी स्वतंत्र भत्ता आला. त्याच्या अटी नीट ऐकण्यासारख्या आहेत. आठवड्याला निदान पस्तीस तास सेवा केलेली हवी. दुसरी कमाईची नोकरी नको. ज्याची सेवा करायची त्याला सोबत-भत्ता आधी मिळत असला पाहिजे. आणि घरात दोन दुखणेकरी असले तरी भत्ता एकच.

आता माहिती देणाऱ्या कचेरीचे काम काय असते, ते या अटींवरून ध्यानात येईल. समजा, एका बाईने फोन केला. "मला भत्ता मिळेल का?" टेबलापाशी बसलेल्या माणसाने लगेच हो किंवा नाही म्हणून चालत नाही. आधी विचारायचे, आईला सोबत-भत्ता चालू आहे का? बाई म्हणते, तो काय असतो? म्हणजे पहिला अर्ज आईच्या नावाचा. बाईचा नंबर त्यानंतर. मग अर्जात लिहायचे काय? तिथे बाया हटकून चुकतात. "तुम्ही रात्री किती वेळा उठता?" असा प्रश्न असला, की त्या लिहितात, "विशेष नाही." कारण रात्रीचे चार वेळा उठणे त्यांना विशेष वाटेनासे झालेले असते! म्हणून चांगला कार्यकर्ता सांगतो, आठवडाभर एक वही ठेवा. कधी उठलात, किती वेळ लागला, एवढेच टिपून ठेवा. आठ दिवसांनी ती वही पाहून बाई स्वतःच चकित होते. पस्तीस तास कसले, सत्तर भरलेले असतात.

आणि पुष्कळदा फोन पैशांसाठी नसतोच. अंगाने जड असलेल्या माणसाला पाठीत उसण न भरू देता कसे उठवावे, अंथरुणाला खिळलेल्याला पाठीवर फोड येऊ नयेत म्हणून काय करावे, दोन दिवस भावाच्या घरी लग्नाला जायचे तर घरी कोण थांबेल, असे साधे प्रश्न असतात. कधी तर प्रश्नच नसतो. बाईला कुणाशी तरी बोलायचे असते, आणि "मला तिचा राग येतो, मी वाईट आहे का?" एवढे वाक्य तोंडून निघायला वीस मिनिटे लागतात. ही वीस मिनिटे थांबता येणे, हीच या नोकरीतली खरी विद्या. कायदा पुस्तकात सापडतो.

बरे, १९७६ च्या भत्त्यात एक मोठी मेख होती. विवाहित स्त्रियांना तो मिळत नसे. नवऱ्याला मिळे, मुलाला मिळे, अविवाहित मुलीला मिळे. पण लग्न झालेल्या बाईने आपल्या आईची, सासूची किंवा अपंग मुलाची रात्रंदिवस सेवा केली तरी तिला दमडी नाही. सरकारचे म्हणणे १९७४ च्या एका श्वेतपत्रिकेत छापलेले आहे. त्याचा मथितार्थ असा, की तशाही त्या घरीच असत्या! आपल्याकडच्या कितीतरी ओसऱ्यांवर हेच वाक्य मराठीत ऐकू येते, "घरीच तर असते ती."

या मेखेवर घाव घातला तो जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईंनी. त्या विवाहित, नोकरी करणाऱ्या. १९८४ साली त्यांची अत्यंत अपंग झालेली आई त्यांच्याकडे राहायला आली आणि बाईंनी नोकरी सोडली. १९८५ साली त्यांनी भत्त्यासाठी अर्ज केला. विवाहित म्हणून तो नाकारला गेला. त्या सुमारास ब्रिटन युरोपीय समुदायाचा सभासद होता, आणि सामाजिक विम्यात स्त्रीपुरुषांत भेद करू नये असा समुदायाचा नियम डिसेंबर १९८४ पासून लागू झाला होता. प्रकरण लग्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेले. २४ जून १९८६ रोजी निकाल लागला तो बाईंच्या बाजूने. मौज अशी, की निकालाच्या आदल्याच दिवशी ब्रिटिश सरकारने विवाहित स्त्रियांनाही भत्ता देण्याचे जाहीर करून टाकले होते. वारा कुठून वाहतो ते सरकारांना बरोबर कळते.

दरम्यान दुसरीकडेही हालचाल होती. ज्युडिथ ऑलिव्हर यांचे पती अपंग होते. १९८१ साली त्यांनी सर्व प्रकारच्या सेवेकऱ्यांसाठी, पुरुष असोत की स्त्रिया, विवाहित असोत की अविवाहित, एक संघटना काढली. इंग्रजीतला 'केअरर' हा शब्द रुळला तो याच दशकात. (आपल्याला अजून नीट शब्द सापडलेला नाही. 'काळजीवाहू' चांगला होता, पण तो मंत्रिमंडळांनी पळवला.) १९८५ च्या सरकारी पाहणीत ब्रिटनमध्ये अशी सुमारे साठ लाख माणसे आढळली, तेव्हा भल्याभल्यांचे डोळे उघडले. १९८८ साली जुनी परिषद आणि नवी संघटना एक झाल्या.

आकाशवाणीच्या या पुस्तिकेत एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. इंग्लंडात 'क्रॉसरोड्स' नावाची एक दूरदर्शन मालिका चाले. तिच्यात चाकाच्या खुर्चीतल्या एका तरुणाचे पात्र होते. मालिकेच्या कंपनीने पुढे दहा हजार पौंड दिले आणि १९७४ साली रग्बी या गावी एक योजना सुरू झाली. शिकवलेला मदतनीस घरी यायचा, घरच्या माणसाचे काम काही तास आपल्याकडे घ्यायचा आणि घरच्या माणसाने तेवढा वेळ बाहेर जायचे, झोपायचे, हवे ते करायचे. ही योजना देशभर पसरली. करमणुकीच्या कार्यक्रमाच्या पोटी असे बाळ जन्माला आलेले मला तरी दुसरे ठाऊक नाही.

१९९५ च्या कायद्याने सेवेकऱ्याची स्वतःची गरज तपासून मागण्याचा हक्क दिला. त्यात वयाची अट नव्हती, आणि शिक्षकबंधुभगिनींनो, तुमचा संबंध इथे येतो. कारण सेवेकरी मुलेही असतात. २००१ च्या शिरगणतीत ब्रिटनने पहिल्यांदा हा प्रश्न घरोघर विचारला, तेव्हा अठरा वर्षांखालची सुमारे १ लाख ७५ हजार मुले घरच्या कुणाचे ना कुणाचे करताना आढळली. वर्गात रोज उशिरा येणारी, गृहपाठ न करणारी, दुपारी डुलकी घेणारी मुलगी आळशी असेलही. पण घरी आईला पक्षाघात झालेला नाही ना, हे एकदा विचारून घ्यावे.

आपल्या देशात या गोष्टीची सुरुवात निराळ्या वाटेने झाली, ती वेड्यांच्या इस्पितळातून. तिथे रुग्णाला सोडून घरचे निघून जात, ही तेव्हाची रीत. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मानसिक रुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी ती उलटी केली. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले, आणि आईबापांना, भावांना रुग्णाजवळच राहायला बोलावले. डॉक्टर त्यांना आजार समजावून सांगत. बरा होऊन घरी जाणाऱ्याबरोबर आजार समजलेले एक माणूसही गावात परत जाई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजानेही १९५७ पासून हीच पद्धत धरली. रुग्णाबरोबर घरचे कुणीतरी राहिलेच पाहिजे. इंग्लंडात घरच्या माणसाला इस्पितळातून शिकवून पाठवण्याचा विचार फारसा नव्हता, त्या काळात इथे तंबूत ही शाळा भरत होती.

महाराष्ट्रातही एक उदाहरण आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया हा आजार होता. या आजाराची माहिती लोकांना व्हावी, घरच्यांना एकमेकांशी बोलता यावे, म्हणून त्यांनी पुण्यात संस्था उभी केली. 'देवराई' हा २००४ चा मराठी चित्रपट त्यांच्याच पाठबळाने निघाला. त्यात आजारी भावाइतकीच त्याला सांभाळणारी बहीणही महत्त्वाची आहे.

कायद्याचे म्हणाल, तर २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा आला. त्याने मुलांवर कर्तव्य घातले. करणाऱ्या माणसाची व्याख्या मात्र २०१६ च्या दिव्यांगांच्या आणि २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात आढळते. मोबदला घेऊन वा न घेता जो सेवा करतो तो, असे दोन्हीकडे स्पष्ट लिहिले आहे. वृद्धांच्या प्रश्नांसाठी १४५६७ हा दूरध्वनी २०२१ साली देशभर सुरू झाला, आणि मनाच्या आजारांसाठी १४४१६ हा २०२२ साली. दोन्ही मोफत आहेत. शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हे दोन आकडे खडूने लिहून ठेवायला काहीच हरकत नाही. फोन आजाऱ्यानेच केला पाहिजे असे नाही. त्याचे करणाऱ्या घरच्या माणसानेही करावा.