रानभाजी ही नाइलाजाची भाजी नव्हे

पावसाळा लागला की मुरबाडच्या बाजारात शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी घेऊन ठाकूर-कातकरी बाया बसतात. या भाज्यांचे कौतुक अलीकडे वाढले आहे. तरीही सुशिक्षितांच्या मनात एक मत घट्ट बसलेले आहे: ही टंचाईतली पोटभरणी, उगवले ते खुडले आणि उकडून खाल्ले, यात पाककला कसली? हे मत तपासले तर टिकत नाही.

पूर्वपक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. शहापूर-मुरबाडची शेती मुख्यतः पावसावरच्या भाताची. घरातले धान्य सरलेले आणि नवे भात अजून शेतात उभे, असे आषाढ-श्रावणाचे दिवस भूमिहीन घरांना जड जातात. तेव्हा रान हात देते. पण माणूस रानात का गेला, एवढेच गरजेवरून कळते. चुलीपाशी त्याने काय केले, हे गरजेवरून कळत नाही.

शेवळाचेच पाहा. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारा हा सुरणाच्या जातकुळीतला फुलोरा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तो नुसता उकडून खाल्ला तर घशाला खाज सुटते. म्हणून वरचे आवरण सोलायचे, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरायचे आणि काकडाची आंबट फळे ठेचून त्यांच्या रसात शिजवायचे. काकडं मिळाली नाहीत तर चिंच. कडूकंदाची रीत याहून कष्टाची: चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा घालवायचा. भारंगीचा पाला उकडून पिळून घेतात आणि तिला वालाची किंवा डाळीची जोड देतात. टाकळा फुलावर येण्याआधी, कोवळा असतानाच खुडतात. प्रत्येक भाजीचा वेळ वेगळा, संस्कार वेगळा, जोड वेगळी. पिढ्यान्पिढ्या चाखून ठरवलेल्या या क्रमाला पाककला म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

दुसरा पुरावा भरल्या घरांतला आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या स्वयंपाकात शेवळांना मानाचे स्थान आहे. कोलंबी, सोडे किंवा खिमा घालून ती मुद्दाम केली जातात. ज्यांना कशाची ददात नाही, ते सोलण्या-चिरण्याचा हा खटाटोप नाइलाजाने खास करत नाहीत. ते चवीसाठी करतात.

तिसरा दाखला ग्रीसचा. तिथेही डोंगरातला पाला, ‘होर्ता’, उकडून ऑलिव्हचे तेल आणि लिंबू घालून खातात. एका रानकांद्याचा कडूपणा पाणी बदलून बदलून घालवतात. 1948 साली रॉकफेलर फाउंडेशनने क्रीट बेटाची पाहणी केली, ती युद्धाने खंगलेल्या गरीब प्रदेशाची म्हणून. पुढे त्याच बेटावरच्या साध्या जेवणाकडे आहारशास्त्र आदराने पाहू लागले आणि 2010 मध्ये युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. क्रीटमधल्या गरिबीने तिथली पाककला खोटी ठरली नाही. मग मुरबाडमधल्या गरिबीने इथली का ठरावी?

रानभाजीला केवळ ‘औषधी’ म्हणून गौरवणारेही नकळत हीच चूक करतात. अमुक पाला तमुक रोगावर, अशी पाटी लागली की गुण सारा झाडाचा होतो आणि रांधणारीचे ज्ञान झाकले जाते.

सिद्धान्त एवढाच: रान गरजेने दाखवले असेल, पण भाजी ज्ञानाने झाली. रानभाजी महोत्सवांत वनस्पतीच्या नावाशेजारी तिची पूर्ण रीत लिहिली जावी आणि ज्या बाईने ती सांगितली, तिच्या संमतीने तिचे नावही. बांधावर तणनाशक मारताना टाकळा-कुर्डू मरतात, याचा विचार व्हावा. आणि बाजारात शेवळाची जुडी घेताना भावाबरोबर रीतही विचारा. काकडं सोबत घ्यायला विसरू नका.